प्रशासक नेमा, पण त्याला मुदत घाला: ऑनलाइन समूह चालवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
ऑनलाइन समूह चालवणाऱ्या कंपन्यांचे भारतातील व्यवस्थापन, सुरक्षा व धोरण विभाग आणि निवासी तक्रार अधिकारी यांस

स.न.वि.वि.

मी मुंबईत, मुलुंडला राहते. गृहनिर्माण सोसायट्या आणि चाळींचा पुनर्विकास या विषयावरच्या एका मोठ्या मराठी ग्रुपची मी ॲडमिन आहे. विकासकाने भाडं थांबवलं तर दाद कुठे मागायची, मानीव अभिहस्तांतरणाच्या (डीम्ड कन्व्हेयन्सच्या) अर्जाला कोणते कागद जोडायचे, करारनाम्यात चटईक्षेत्र कसं लिहून घ्यायचं, सेक्रेटरी इतिवृत्त दाखवत नसेल तर काय करायचं, असे प्रश्न गिरगाव-लालबागपासून बोरिवली-मुलुंडपर्यंतचे लोक तिथे विचारतात. उत्तरं देणाऱ्यांत निवृत्त बँक कर्मचारी आहेत, सोसायट्यांचे जुने खजिनदार आहेत, काही वकील आहेत. यातल्या कुणालाही एक रुपया मिळत नाही आणि कुणी तो मागितलेलाही नाही. जागा तुमची आहे, सर्व्हर तुमचे आहेत. पण लोक तिथे येतात ते या माणसांसाठी.

अशा ग्रुपमध्ये शेवटचा शब्द कुणाचा, तिथे रोज राबणाऱ्यांचा की तुमच्या पगारी कर्मचाऱ्यांचा, हे एकदा नीट ठरलं पाहिजे, म्हणून हे पत्र. आमचा ग्रुप ज्या मंचावर आहे त्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण दुखणं एका कंपनीपुरतं नाही.

आधी काय घडलं ते सांगते. लालबागच्या एका आजींची पोस्ट आमच्याकडे मंजुरीला आली. नातवाने टाइप करून दिली होती. चाळ रिकामी करून झाली होती, पर्यायी जागेचं भाडं सुरुवातीला वेळेवर आलं, मग चेक परत यायला लागले आणि पुढे चेकही बंद झाले. पोस्टसोबत करारनाम्याचं पान होतं, चेक न वटल्याचा बँकेचा मेमो होता, प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक होता. आमच्या ग्रुपचा नियम असा, की कागद असल्याशिवाय विकासकाचं नाव घ्यायचं नाही, आणि कागद असला तरी त्याबाहेरचा एकही आरोप करायचा नाही. म्हणून आम्ही आजींचा खाते क्रमांक झाकायला लावला, खोली क्रमांक काढायला लावला. पोस्टमध्ये ‘चोर’ असा शब्द होता, तो बदलून ‘थकबाकीदार’ लिहायला सांगितलं, कारण हातातला कागद थकबाकी दाखवत होता, चोरी नाही. नातवाने सगळं दुरुस्त केलं. पोस्ट लागली. संध्याकाळपर्यंत खाली एका वकील सदस्याने कुठे, कोणत्या कलमाखाली, कोणता अर्ज करायचा ते मुद्देसूद लिहून दिलं. त्याच विकासकाच्या दुसऱ्या इमारतीतली दोन कुटुंबंही बोलती झाली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये कधीच न दिसलेल्या खात्यांनी एकापाठोपाठ ती पोस्ट रिपोर्ट केली. पोस्ट ‘छळवणूक’ म्हणून उडाली आणि तिच्याखालचा वकिलांचा सगळा मजकूरही तिच्याबरोबर गेला. रात्री आम्हा ॲडमिन मंडळींचे अधिकार काढून घेतल्याचा संदेश आला. संदेश मराठीत होता, पण तो कुणा मराठी माणसाने लिहिला नव्हता हे पहिल्या ओळीत कळत होतं. कोणता नियम मोडला, कोणत्या पोस्टमध्ये, निर्णय कुणी घेतला, यातलं काहीही त्यात नव्हतं. पुढचे काही दिवस ग्रुप उघडा होता, पण वाली कुणी नव्हता. कर्जाच्या जाहिराती आल्या, दलालांच्या जाहिराती आल्या, एका महिला सदस्याचा फोन नंबर कुणीतरी चव्हाट्यावर टाकला आणि तो काढायला कुणाकडेच अधिकार नव्हता. मग एका सकाळी आमचे अधिकार परत आले. चूक झाली असं कुणी म्हटलं नाही, केलं ते बरोबरच होतं असंही कुणी म्हटलं नाही. आजींची पोस्ट मात्र परत आली नाही.

पोस्ट काढली याचा मला राग आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की या सगळ्यात प्रश्न विचारायला समोर माणूसच नव्हता. ज्या कुणी ते बटण दाबलं, त्याने करारनाम्याचं पान वाचलं होतं का? त्याला मराठी येत होतं का? त्याने आमचा नियम पाहिला होता का? ‘थकबाकीदार’ हा शब्द आम्ही का लिहून घेतला हे त्याला कळलं असतं तर त्याने तेच केलं असतं का?

तरीही, कंपनीने ग्रुपच्या कारभारातून पूर्ण अंग काढून घ्यावं असं मी म्हणणार नाही. आमच्यातले काही जण म्हणतात, आणि त्यांचा संताप मला समजतो. पण तो प्रयोग होऊन गेलेला आहे. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी लॅम्ब्डामू नावाचं फक्त अक्षरांनी चालणारं आभासी जग उभं केलं. ते चालवणाऱ्या प्रोग्रामरांना तिथे जादूगार म्हणत. लोकांच्या भांडणात रोज निवाडे करून थकलेल्या या जादूगारांनी डिसेंबर १९९२ मध्ये जाहीर केलं, की यापुढे आम्ही फक्त तांत्रिक काम पाहू, सामाजिक निर्णय तुमचे तुम्ही घ्या. मग अर्ज आले, मतदान आलं, लवाद आले. आणि १९९६ मध्ये त्याच जादूगारांना परत येऊन सांगावं लागलं, की हे जमलेलं नाही, तांत्रिक आणि सामाजिक अशी रेघ ओढताच येत नाही. ज्याच्या हातात सर्व्हर आहे त्याच्या हातात सत्ता आहे, ती नाकारून नाहीशी होत नाही. त्यापेक्षा ती उघडपणे मान्य करावी आणि तिला वेसण घालावी.

क्रोएशियन विकिपीडियाचं उदाहरण याहून कडू आहे. तिथे मूठभर प्रचालकांनी, म्हणजे तिथल्या ॲडमिननी, जवळजवळ दशकभर सगळा ज्ञानकोश आपल्या कह्यात ठेवला. दुसऱ्या महायुद्धातल्या यासेनोवाच छळछावणीसारख्या विषयांवर अतिराष्ट्रवादी रंग चढवला, विरोध करणाऱ्या संपादकांना एकेक करून हाकललं. नियमाच्या भाषेत बोलायचं तर तो समूह स्वतःचा कारभार स्वतः करत होता. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल आला तो २०२१ मध्ये. तोवर क्रोएशियातली शाळकरी मुलं तोच मजकूर वाचत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चिनी विकिपीडियावर फाउंडेशनने सात जणांवर बंदी घातली आणि बारा जणांचे प्रचालकपद किंवा तत्सम अधिकार काढले, कारण काही संपादकांच्या जिवाला धोका निर्माण झाला होता. तिथे आधी चर्चा करा, कौल घ्या, असं म्हणणं म्हणजे धमकी देणाऱ्याला आगाऊ सूचना देण्यासारखंच झालं असतं.

आणि इतक्या लांब जायची गरज नाही. ग्रुपमधल्या एखाद्या वजनदार, सगळ्यांच्या उपयोगी पडणाऱ्या सदस्याने एका बाईला रात्री घाणेरडे मेसेज पाठवले, तर तिने ते कुणाला सांगायचं? ॲडमिन त्याचे मित्र असतात, चारचौघांत बोलली तर तिच्यावरच चर्चा होते. अशा वेळी ग्रुपच्या बाहेरचा, ओळख गुप्त ठेवणारा, पगारी आणि प्रशिक्षित माणूस असलाच पाहिजे. तो खर्च तुमचा आहे आणि तो अधिकारही तुमचाच असला पाहिजे, यात मला शंका नाही.

म्हणून माझं म्हणणं तुमच्या अधिकाराच्या विरोधात नाही. अधिकार वापरल्यानंतर तो परत कसा करायचा, याची तुमच्याकडे काहीच व्यवस्था नाही, हे माझं म्हणणं आहे. मुंबईत सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही हे पटकन कळेल. सोसायटीची समिती नियम धाब्यावर बसवत असेल, हिशेब देत नसेल, निवडणूक टाळत असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली उपनिबंधक तिला बाजूला करून प्रशासक नेमू शकतो. पण त्याआधी समितीला नोटीस द्यावी लागते, तिचं म्हणणं ऐकावं लागतं, कारणांसह लेखी आदेश काढावा लागतो, आणि त्या आदेशावर वर अपील करता येतं. प्रशासक येतो तोच मुळी मुदतीवर, आणि त्याचं मुख्य काम असतं निवडणूक घेऊन दप्तर नव्या समितीच्या हवाली करणं. प्रशासक सोसायटीचा मालक होत नाही. व्यवहारात काय होतं ते आम्हाला माहीत आहे, मुदती वाढत जातात. मुंबई महापालिकेतल्या २२७ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि २०२५ साल सरलं तरी शहराचा कारभार प्रशासकाच्याच हाती होता. वॉर्डातला खड्डा कुणाला दाखवायचा हे लोकांना कळेना, इतक्या साध्या पातळीवर ती पोकळी जाणवली. पण तिथे निदान कायद्याचं पुस्तक उघडून बोट ठेवता येतं आणि न्यायालयात जाता येतं. तुमच्या नियमावलीत बोट ठेवायला जागाच नाही.

देशाच्या कायद्याने अर्धी वाट चालून ठेवलेली आहे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपनीला भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो. कंपनी स्वतःहून एखादा मजकूर काढत असेल, तर ज्याने तो टाकला त्याला आधी कळवून कारण सांगावं आणि त्याला हरकत घ्यायची वाजवी संधी द्यावी, असंही त्या नियमांत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अपील समित्या आल्या. हे सगळं चांगलंच आहे. पण या नियमांना दोनच पक्ष दिसतात, कंपनी आणि एकटा वापरकर्ता. मधला समूह त्यांना दिसत नाही. आजींना कारण कळवायची तरतूद आहे (त्यांना ते कळवलं गेलं नाही, ती वेगळी गोष्ट), पण ज्यांनी ती पोस्ट तपासून, दुरुस्त करून, जबाबदारी घेऊन लावली त्या ॲडमिनना काय कळवायचं, त्यांचे अधिकार काढताना कुठली पद्धत पाळायची, ग्रुप निर्नायकी पडला तर तो कुणी सांभाळायचा, यावर नियम गप्प आहेत. जे कायद्याने सांगितलेलं नाही ते करायला तुम्हाला कुणी बंदी केलेली नाही.

समूहाच्या हाती निर्णय दिला तर लोक आपल्या माणसाला पाठीशी घालतील, अशी भीती तुमच्या लोकांना वाटते. ती पूर्ण खोटी नाही. पण २०१९ चं प्रकरण त्यांनी नीट पाहावं. त्या वर्षी जूनमध्ये विकिमीडिया फाउंडेशनच्या सुरक्षा विभागाने इंग्रजी विकिपीडियावरच्या एका जुन्या प्रचालकावर एक वर्षाची बंदी घातली. तक्रार कुणाची, पुरावा काय, हे समूहाला सांगितलं नाही आणि निर्णयावर अपीलही ठेवलं नाही. विशेष म्हणजे बंदी फक्त त्या एका विकिपीडियावर होती, म्हणजे माणूस इतका धोकादायक नव्हता की त्याला सगळीकडून हटवावं लागेल. मग ते काम तिथल्या निवडून आलेल्या लवाद समितीचं का नव्हतं? या प्रश्नावरून वीसहून अधिक प्रचालकांनी राजीनामे दिले. शेवटी विश्वस्त मंडळाला हस्तक्षेप करावा लागला आणि प्रकरण लवाद समितीकडे सोपवलं गेलं. समितीला पुरावे मिळाले, तेही तक्रारदारांची ओळख झाकून. सप्टेंबरमध्ये निकाल आला तो असा: बंदी उठवली, पण प्रचालकाचे अधिकार परत दिले नाहीत.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. आपला माणूस म्हणून त्याला हार घातला नाही, आणि कार्यालयाने सांगितलं म्हणून मानही डोलावली नाही. कागद हाती आल्यावर त्यांनी शिक्षा आणि वागणूक यांचं माप वेगवेगळं घेतलं. हे काम त्यांना पहिल्याच दिवशी दिलं असतं तर ती अनुभवी माणसं गेली नसती. त्याच संस्थेने २०१४ मध्ये जर्मन विकिपीडियावर एक नवं कुलूप आणलं होतं, निवडून आलेल्या प्रचालकांनाही उघडता येणार नाही असं. वाद एका चित्र दाखवणाऱ्या सोयीवरून होता, जिवावरचा नव्हता. ते कुलूप पुढच्या वर्षी काढावं लागलं. मराठी विकिपीडियावर चावडीवर वाद मांडून आणि कौल घेऊन निर्णय करणारी मंडळी आहेत, त्यांना या दोन्ही गोष्टींचं गांभीर्य मी सांगायला नको.

नफ्यावर चालणाऱ्या कंपन्यांची गोष्ट आणखी सरळ आहे. जून २०२३ मध्ये रेडिट या चर्चामंचाने बाहेरच्या ॲप्सकडून भरमसाट पैसे मागायला सुरुवात केली, तेव्हा आठ हजारांहून जास्त समूहांनी दारं बंद केली. कंपनीने उत्तर दिलं की समूह उघडा, नाहीतर तुमच्या जागी दुसरे नियंत्रक (मॉडरेटर) बसवू. २०२४ मध्ये नियमच केला की खुला समूह खासगी करायचा असेल तर कर्मचाऱ्यांची परवानगी लागेल. ज्या साधनाने लोकांनी नाराजी दाखवली तेच साधन काढून घेतलं. त्याच जून महिन्यात स्टॅक ओव्हरफ्लोच्या कुटुंबातल्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवरचे नियंत्रक संपावर गेले. यंत्राने लिहिलेली उत्तरं काढू नका असं कंपनीने त्यांना सांगितलं होतं, आणि नियंत्रकांचं म्हणणं असं होतं की जाहीर केलेलं धोरण एक आणि आम्हाला खासगीत दिलेला आदेश दुसरा. ऑगस्टमध्ये बोलणी होऊन तो संप मिटला. यावरून एक गोष्ट तरी कळावी: खासगी आदेश टिकत नाहीत. जो नियम सदस्यांसमोर उघडपणे सांगता येत नाही, तो स्वयंसेवकाच्या तोंडून वदवून घेऊ नका.

फेसबुकने तर एकेकाळी मतदानाचीच सोय केली होती. ३० टक्के वापरकर्त्यांनी मत दिलं तरच निकाल बंधनकारक, अशी अट होती. डिसेंबर २०१२ मध्ये सात लाखांच्या आतच मतं पडली, त्यांतली मोठी बहुसंख्या कंपनीच्या प्रस्तावाविरुद्ध होती, आणि ३० टक्क्यांचा पल्ला न गाठल्यामुळे मतदानाची सोय कायमची बंद झाली. शंभर कोटी लोकांना एका मतपेटीसमोर उभं करणं म्हणजे स्वशासन नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक जंगलं, पाणी, कुरणं लोक स्वतः कसे सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांचा नियम करण्यात वाटा असला, चुकणाऱ्याला टप्प्याटप्प्याने शिक्षा असली, भांडण स्वस्तात आणि जवळच मिटवायची सोय असली, आणि वरच्या सत्तेने त्यांचा हा हक्क मान्य केला, तर अशा व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, असं त्यांना जगभर दिसलं. आमच्याकडे पहिल्या तीन गोष्टी आहेत. चौथी तुमच्या हातात आहे.

तुमचे वकील तुम्हाला सांगत असतील की स्वयंसेवकांशी जास्त जवळीक धोक्याची आहे, आणि तेही खरं आहे. अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीच्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये दावा लावला की आमच्याकडून नोकरासारखं काम करून घेता, तर पगार द्या. लाइव्हजर्नल या ब्लॉगमंचाने एका गाजलेल्या समूहावर पूर्णवेळ पगारी कर्मचारी बसवला, आणि २०१७ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने म्हटलं, की मग हे स्वयंसेवी नियंत्रक कंपनीचेच हस्तक ठरतात का, हे तपासावं लागेल. म्हणजे कर्मचाऱ्याचा हात जितका आत, तितकी जबाबदारी कंपनीच्या गळ्यात. भारतातही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणून तुम्ही संरक्षण घेता. मग रोजच्या मजकुरात, कोण सदस्य राहावा आणि कोण ॲडमिन व्हावा यात, मध्यस्थाचं काम काय? आमचा कारभार आमच्याकडे राहण्यात तुमचंही हित आहे.

जिथे तुमची खरी गरज असते तिथे मात्र तुम्ही दिसत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या विकिपीडिया लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने (राज्याच्या सायबर पोलीस विभागाने) विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्या मजकुराबद्दल लोकांच्या भावना तीव्र होत्या आणि त्याची शहानिशा व्हायलाच हवी होती. पण महाराष्ट्रात बसून, स्वतःच्या नावाने, मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला त्या आठवड्यात एकच प्रश्न पडला: उद्या माझ्या दारात पोलीस आले तर माझ्याबरोबर कोण उभं राहणार? आमच्या ग्रुपमध्ये विकासकांच्या वकिलांच्या नोटिसा येतात त्या ॲडमिनच्या घरच्या पत्त्यावर येतात, तुमच्या कार्यालयात नाही. अधिकार गाजवताना कंपनी, आणि नोटीस घेताना ॲडमिन, ही वाटणी न्यायाची नाही. कायदेशीर बचाव, सदस्यांची ओळख राखणं, न्यायालयाचा आदेश नेमका काय म्हणतो ते समजावून सांगणं, ही पगारी माणसांची कामं आहेत. ती मनापासून करा. त्यासाठी तुम्हाला जेवढे अधिकार लागतील तेवढे घ्या.

आता मागणं. लहान मुलांचं शोषण, कुणाच्या जिवाला धोका, कुणाचा पत्ता-फोन किंवा खासगी चित्र उघड होणं, न्यायालयाचा आदेश: यांत तुमच्या कर्मचाऱ्याने कुणालाही न विचारता तत्काळ हात घालावा. याबाहेरच्या कुठल्याही बाबतीत ग्रुपवर किंवा ॲडमिनवर कारवाई करण्याआधी लेखी नोटीस हवी. तिच्यात पोस्ट, नियम आणि निर्णय घेणाऱ्याचं पदनाम हवं. नाव नको, त्या कर्मचाऱ्यालाही त्रास होऊ नये असंच मला वाटतं. मराठी मजकुरावरचा निर्णय मराठी वाचता येणाऱ्या माणसाने घ्यावा. तातडीने अधिकार काढावे लागले तर त्याच आदेशात त्याची मुदत लिहावी, आणि त्या काळात ग्रुप कुणी सांभाळायचा तेही लिहावं. मुदत संपली की एकतर कारणासहित नवा आदेश निघावा, नाहीतर सदस्यांनी आपले ॲडमिन निवडावेत. तोच कर्मचारी त्याच आदेशाने आपली मुदत वाढवत बसणार नाही, एवढं तरी पाहा.

अपील ऐकायला अशी समिती हवी जिच्यात निम्मी माणसं तरी वेगवेगळ्या समूहांनी निवडून दिलेली असतील. तक्रारदाराची ओळख झाकून पुरावे समितीला दाखवता येतात, हे २०१९ मध्ये सिद्ध झालेलं आहे. गुप्ततेची सबब इथे चालणार नाही. एकाच वेळी नव्या खात्यांकडून रिपोर्टचा पाऊस पडला तर आधी ॲडमिनला विचारायची सोय करा, कारण ते रिपोर्ट कुणाच्या सांगण्यावरून आले आहेत हे अनेकदा आम्हाला लगेच कळतं. आणि तुमचा कर्मचारी एखाद्या ग्रुपमध्ये वावरत असेल तर त्याने कंपनीच्या ओळखीने बोलावं. विकिमीडिया फाउंडेशनचे कर्मचारी कामासाठी वेगळं, संस्थेची खूण असलेलं खातं वापरतात. तेवढं तुम्हालाही जमेल.

या मागण्यांवर बोलायला आमच्या आणि इतर काही मराठी ग्रुपमधले ॲडमिन तयार आहेत. तुमच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयात या म्हणाल तर तिथे येऊ, नाहीतर दादरला एखादं सभागृह आम्ही ठरवतो. येताना निर्णय घेण्याचा अधिकार असलेली व्यक्ती पाठवा.

लालबागच्या त्या पोस्टबद्दलचा अर्ज स्वतंत्रपणे, कागदपत्रांच्या प्रतींसह, संबंधित कंपनीच्या निवासी तक्रार अधिकाऱ्याकडे आज पाठवते आहे. वकील सदस्यांनी लिहिलेला मजकूर आजींना परत मिळावा ही त्यातली पहिली विनंती आहे, कारण अर्जाची मुदत चालू आहे. नियमात ठरलेल्या वेळेत लेखी उत्तर मिळावं, ते मराठीत असावं, आणि त्याखाली निर्णय घेणाऱ्याचं पदनाम असावं.

कळावे,
एका मराठी ग्रुपची स्वयंसेवी ॲडमिन
मुलुंड (पूर्व), मुंबई